मंदीतली अमेरिकन पोस्ट ऑफिसं: कोनशिला, भित्तिचित्रं आणि गच्चीवरचं पाणी

टपालखूण

अमेरिकेतल्या लहान गावात मेन स्ट्रीटच्या आसपास लाल विटांची एक चौकोनी, एकमजली इमारत हमखास दिसते. चार-पाच ग्रॅनाइटच्या पायऱ्या, मधोमध दार, दोन्ही अंगांना उंच खिडक्या, दारावर गरुड, पायऱ्यांशी बिडाचे दिवे. १९३० च्या दशकात महामंदी ऐन भरात असताना ट्रेझरी, म्हणजे अर्थखात्यानं, अशी हजारावर पोस्ट ऑफिसं बांधली. तोवर अशा गावातलं पोस्ट बहुधा एखाद्या दुकानाशेजारच्या भाड्याच्या गाळ्यात असायचं. बांधणारं खातं ट्रेझरी होतं, पोस्ट खातं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कागद शोधायची वेळ येते तेव्हा यामुळेच माणसं भलत्या दारात उभी राहतात.

या इमारती ओळखायची सुरुवात कोनशिलेपासून करावी. ती दर्शनी भिंतीच्या एका कोपऱ्यात, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असते. तिच्यावरची नावं नीट वाचली तर तारीख झिजलेली असली तरी काळ ठरवता येतो. ट्रेझरी सेक्रेटरी म्हणून अँड्र्यू मेलन असेल तर काम १९३२ च्या सुरुवातीच्या आधीचं. ऑग्डन मिल्स असेल तर १९३२-३३. हेन्री मॉर्गेनथाऊ ज्युनियर असेल तर १९३४ पासून पुढचं. पोस्टमास्टर जनरल वॉल्टर ब्राउन म्हणजे राष्ट्राध्यक्ष हूवरचा काळ, जेम्स फार्ली म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा. जेम्स वेटमोर हे नाव 'अ‍ॅक्टिंग सुपरवायझिंग आर्किटेक्ट' (ट्रेझरीचा प्रभारी मुख्य वास्तुकार) म्हणून दिसतं, त्याच्यानंतर लुई सायमन. सायमनच्या खाली नील मेलिक हा सुपरवायझिंग इंजिनियर. आणि जॉन कारमोडी, फेडरल वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, असं कोरलेलं असेल तर १९३९ ते १९४१ मधलं काम, कारण १९३९ च्या जुलैत हा सगळा पसारा ट्रेझरीकडून फेडरल वर्क्स एजन्सीकडे गेला.

कोनशिलेवरच्या सालात पोस्ट उघडलं असं मात्र धरू नका. ते बांधकाम सुरू असतानाचं साल असतं आणि उद्‌घाटन पुष्कळदा पुढच्या वर्षी झालेलं असतं. गावाच्या पुस्तिकेत एक साल आणि दगडावर दुसरं, हा घोळ बहुतेक वेळा यातूनच होतो.

आत गेल्यावर मांडणी जवळजवळ ठरलेली. बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून दाराच्या आत लाकूड-काचेचा छोटा व्हेस्टिब्यूल. मग रस्त्याला समांतर लांबट लॉबी, खाली टेराझो (संगमरवराचे तुकडे घालून घोटलेली फरशी), भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत संगमरवर. समोर खिडक्यांची रांग: तिकिटं, मनीऑर्डर, रजिस्टर, पार्सल. शेजारी पितळी दारांच्या पोस्ट बॉक्सच्या ओळी. लॉबीच्या एका टोकाला पोस्टमास्तरांच्या खोलीचं दार आणि त्या दाराच्या वरच्या भिंतीवर भित्तिचित्र. खिडक्यांमागे मोठी वर्करूम, तिथे मेपलची लाकडी जमीन, कारण दिवसभर उभ्यानं टपाल वेगळं करणाऱ्यांच्या पायांना टेराझो सोसत नाही. मागे माल चढवायचा धक्का, तळघरात बॉयलर.

सायमनच्या कार्यालयानं आतले नकाशे ठरावीक ठेवले आणि बाहेरचा वेष प्रांताप्रमाणे बदलला. न्यू इंग्लंडात विटा आणि माथ्यावर पांढरा लाकडी मनोरा, नैर्ऋत्येकडे कौलं आणि स्टको (बाहेरून गिलावा). बाकी ठिकाणी ज्याला 'स्टार्व्ह्‌ड क्लासिसिझम' म्हणतात ते: खांब आहेत पण भिंतीत दाबलेले, कॉर्निस (माथ्याची पुढे आलेली पट्टी) आहे पण बोटभर. पैसा कमी होता, गावं पुष्कळ होती आणि बेकार गवंडी-सुतारांना लवकर काम द्यायचं होतं. प्रत्येक गावासाठी नव्यानं नकाशा काढत बसणं परवडणारं नव्हतं. तरीही प्रमाणबद्धता कुठे सुटलेली दिसत नाही, याचं मला फार मोल वाटतं.

चित्रांविषयी आणि विटकामाविषयी जाणकारांनी भर घालावी.

पाटीपेन्सिल

उत्तम धागा. एक शंका. या पोस्टांना सगळीकडे 'डब्ल्यूपीए पोस्ट ऑफिस' आणि चित्रांना 'डब्ल्यूपीए म्युरल' म्हणतात. गावाच्या फलकावरही तसंच लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे का?

रंगकुंचला

नाही, आणि ही चूक दुरुस्त झालीच पाहिजे, कारण दोन्ही योजनांचा हेतूच वेगळा होता. डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) ही बेकारांना मजुरी देणारी योजना. शाळा, रस्ते, बागा अशी स्थानिक संस्थांची कामं तिनं केली. पोस्ट ऑफिसं ट्रेझरीनं टेंडर काढून खाजगी कंत्राटदारांकडून बांधून घेतली. काहींना पीडब्ल्यूएचा (पब्लिक वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, सार्वजनिक बांधकामांना पैसा देणारी वेगळी योजना) पैसा मिळाला, आणि पीडब्ल्यूए-डब्ल्यूपीए ही अक्षरं इतकी सारखी आहेत की गोंधळ होतोच.

चित्रांचं खातं म्हणजे 'सेक्शन ऑफ पेंटिंग अँड स्कल्प्चर', ट्रेझरीतच, ऑक्टोबर १९३४ मध्ये सुरू झालं. प्रमुख एडवर्ड ब्रूस. १९३८ पासून नाव 'सेक्शन ऑफ फाइन आर्ट्स', १९४३ मध्ये बंद. इथे चित्रकाराची गरिबी तपासली जात नव्हती, काम तपासलं जात होतं. स्पर्धेत आराखडा निनावी द्यायचा, नाव बंद पाकिटात. लहान पोस्टांसाठी बहुधा वेगळी स्पर्धा नसे. मोठ्या स्पर्धेत न जिंकलेल्या पण आवडलेल्या चित्रकारांना ती थेट दिली जात.

हिशेब असा. इमारतीच्या खर्चाच्या साधारण १ टक्का कलेसाठी. म्हणजे ७०,००० डॉलरची इमारत असेल तर ७०० डॉलर. ते तीन हप्त्यांत: रंगीत आराखडा मंजूर झाला की पहिला, पूर्ण आकाराचं कार्टून (भिंतीच्या मापाचं रेखाटन) मंजूर झालं की दुसरा, भिंतीवर लावून झालं की शेवटचा. कॅनव्हास, रंग, गावापर्यंतचा प्रवास, चिकटवायचा खर्च, फोटो, सगळं त्यातच. वर्षभर काम चाललं तर हाती फार उरत नसे.

तिसरी एक योजना होती, ट्रेझरी रिलीफ आर्ट प्रोजेक्ट, १९३५ ते १९३८. चालवली ट्रेझरीनं, पैसा मात्र डब्ल्यूपीएचा. तिची चित्रं काही पोस्टांत आहेत. म्हणून फलक बदलायच्या आधी त्या एका चित्राची फाइल बघा. सरसकट 'सेक्शन'ही लिहू नका.

निळापेटारा

बऱ्याच चित्रांच्या खालच्या कडेला मधोमध चौकोनी किंवा त्रिकोणी खाच का असते? दार नंतर मोठं केलं असावं का?

रंगकुंचला

दार मूळचंच आहे. पोस्टमास्तरांच्या दाराची चौकट, तिच्यावरची पट्टी किंवा त्रिकोणी माथा चित्राच्या जागेत घुसतो. जागा साधारण १२ फूट रुंद, ५ फूट उंच, आणि तळाच्या मध्यावर हा अडसर. डाव्या-उजव्या हाताला नोटीसबोर्ड. चित्रकाराला नकाशाची निळी प्रत मिळे आणि त्यात खाचेची मापं दिलेली असत.

त्या खाचेनं रचना कशी ठरवली हे पाहण्यासारखं आहे. सगळ्यात महत्त्वाची आकृती मध्यावर ठेवली तर तिला पाय ठेवायला जागा नाही. मग कोणी मध्यावर टेकडी, कोणी गाडीचा मागचा भाग, कोणी वाकलेला माणूस ठेवतो आणि उभी माणसं दोन्ही बाजूंना नेतो. खालून मान वर करून बघणाऱ्यासाठी काढलेलं असतं, म्हणून पाय थोडे आखूड आणि क्षितिज खाली. अशा चित्राचा फोटो डोळ्यांच्या पातळीवरून काढून छापला की ते बेढब दिसतं. दोष चित्रकाराचा नाही.

विषय गावाचा असावा असा आग्रह होता, पण चित्रकार पुष्कळदा दूरच्या शहरातला. ओक्लाहोमातल्या वाटोंगा इथे एडिथ माहिएरनं १९४१ मध्ये शायान या मूळनिवासी जमातीचा प्रमुख रोमन नोज याचं चित्र लावलं, तर तो नावाहो या दुसऱ्या जमातीतल्यासारखा दिसतो म्हणून शायान लोकांनीच हरकत घेतली. मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टचं एलिझाबेथ ट्रेसीचं समुद्रस्नानाचं चित्र गावकऱ्यांच्या तक्रारींनंतर १९४५ मध्ये काढून टाकलं गेलं. ही भांडणं मला मोलाची वाटतात. ज्या गावात कधी चित्रप्रदर्शन भरलं नव्हतं तिथे लोक तिकीट घेता घेता चित्रावर वाद घालत होते.

दरजा

आता इमारतीकडे. या पोस्टांचं सगळ्यात जास्त नुकसान गच्चीवरच्या पाण्यानं झालं आहे.

बऱ्याच पोस्टांची गच्ची सपाट, भोवती कठडा, डांबरी थरांचं आच्छादन, कडेनं तांब्याचे पत्रे, आणि पाणी जायचे नळ भिंतीच्या आतून खाली नेलेले. दर्शनी भागावर पन्हळ दिसू नये म्हणून ही योजना. पानांनी तोंड बुजलं की पाणी कठड्याच्या आत साचतं, तांब्याच्या पत्र्याच्या वर चढतं आणि विटेत शिरतं. भिंतीतला नळ सांध्यावर फुटला तर आणखी वाईट. बाहेरून काही दिसत नाही आणि आत गिलाव्यावर लोणा (क्षारांचा पांढरा थर) येतो. तो लोणा चित्राच्या मागच्या भिंतीत आला की मग चित्राची खैर नाही.

तपासणी वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर नोव्हेंबरात आणि बर्फ वितळल्यावर. प्रत्येक तोंडात बादलीभर पाणी ओता आणि खाली कोणीतरी उभं ठेवा. पाणी लगेच घोगऱ्या आवाजानं गेलं तर ठीक. रेंगाळलं तर नळात कॅमेरा घालून सांधा शोधायचा. त्याआधी आतला गिलावा दुरुस्त करणं म्हणजे पैसा पाण्यात.

खिडक्यांवरचे पोलादी लिंटेल (वरच्या विटा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या) ही दुसरी जागा. गंजलेलं पोलाद मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि वरच्या विटा उचलतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून पायरीपायरीनं तिरकी चढत गेलेली भेग दिसली तर कारण बहुधा हेच. त्या भेगेत सीलंट भरला की पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते आणि गंज दुप्पट वेगानं वाढतो. वरच्या दोन-तीन ओळी उतरवून पोलाद घासायचं, जस्ताचा प्रायमर लावायचा (फार खाल्लेलं असेल तर बदलायचं), वर नवा पत्रा घालून त्याची टोकं वळवायची आणि विटांच्या सांध्यांत पाणी निघायला भोकं ठेवायची. पुढच्या खेपेला येणारा रंगारी ती भोकं बुजवणार नाही हे लिहून ठेवा. बहुतेक वेळा काम तिथेच बिघडतं.

वाडाचिरेबंदी

दरजा (विटांमधले सांधे) पुन्हा भरताना आपल्याकडच्या वाड्यांसारखा निव्वळ चुना वापरला तर चालेल का? सिमेंट नको असं सगळीकडे वाचलं आहे.

दरजा

वाड्याचा नियम इथे जसाच्या तसा लावू नका. १९३० च्या दशकातल्या या इमारतींचा मसाला मुळातच सिमेंट-चुना-वाळूचा असू शकतो. आधी दोन-तीन ठिकाणचे नमुने तपासून घ्यायचे, मग जुन्याशी जुळणारं प्रमाण ठरवायचं. साधारण १:१:६ (सिमेंट, चुना, वाळू), आणि वीट मऊ असेल तर १:२:९. मसाला विटेपेक्षा मऊ असला पाहिजे. निव्वळ सिमेंटनं भरलं की ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, विटेतून पडते, आणि थंडीत गोठून विटेचा दर्शनी पापुद्रा उडवते. दरजा शाबूत आणि विटा खोल गेलेल्या अशी भिंत दिसली की समजायचं, मधे कोणीतरी सिमेंट भरलं होतं.

जुना मसाला दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल काढायचा. म्हणजे तीन-अष्टमांश इंचाच्या दरजेला पाऊण ते जवळजवळ एक इंच. उभ्या दरजांत ग्राइंडर चालवू देऊ नका, वरच्या-खालच्या विटांच्या कडा कापल्या जातात आणि ती खूण कायमची राहते. भरताना पाव इंचाचे थर, अंगठा दाबला तर ठसा उठेल इतपत घट्ट झाल्यावर पुढचा. वाळूचा रंग आणि कण जुळवायला वेळ द्या. दुरून दिसतो तो वाळूचाच रंग. काम झाल्यावर पाणीरोधक लेप विकायला कोणी आलं तर नको म्हणा.

टपालखूण

दरजा यांनी दिलेलं प्रमाण जपून ठेवण्यासारखं आहे.

आतली एक गोष्ट राहिली, आणि ती नूतनीकरणात सगळ्यात आधी तोडली जाते. वर्करूमच्या छताला टांगलेला एक बंद, अंधारा बोळ असतो, 'लुकआउट'. पोस्टल इन्स्पेक्टर तिथून कर्मचाऱ्यांवर नजर ठेवत: कोणी पाकिट फोडतंय का, पैसे काढतंय का. आत एक माणूस जेमतेम जाईल एवढी रुंदी, भिंतींना डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी, आणि फटींवर खालून आतलं दिसू नये अशा तिरप्या पट्ट्या. वर जायची शिडी वर्करूममधून दिसत नाही, पुष्कळदा तळघरातून वेगळ्या दारानं जायचं. त्या दाराची किल्ली पोस्टमास्तरांकडेही नसायची, कारण नजर त्यांच्यावरही होती. कॅमेरे आल्यावर बोळ निरुपयोगी झाला. एसीचे नळ न्यायला जागा हवी म्हणून तो कापतात आणि खाली फॉल्स सीलिंग लावतात. फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलून बघितली तर पुष्कळ ठिकाणी उरलेला तुकडा अजून लटकलेला सापडतो. असेल तर मोजून, फोटो काढून ठेवा.

निळापेटारा

लॉबीतले पितळी बॉक्स आणि चित्र यांची साफसफाई गावातल्या स्वयंसेवकांनी केली तर चालेल? आमच्याकडे उत्साही मंडळी आहेत.

रंगकुंचला

बॉक्सचं थोडं चालेल, चित्राचं अजिबात नाही.

पितळी दारांवर लॅकरचा (पारदर्शक रोगणाचा) थर असू शकतो. अमोनियाची पॉलिश लावली की तो डागाडागांनी उठतो. बॉक्सच्या इवल्या काचेवरचा आकडा घासला तर गेलाच. मऊ कापड, कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि लगेच कोरडं पुसणं, एवढ्यावर थांबा. टेराझोवर व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल नको, त्यात संगमरवराचे तुकडे असतात.

चित्रावर ८०-९० वर्षांचा बॉयलरचा धूर, सिगारेटचा थर आणि कधीकधी मधल्या काळात कोणी मारलेलं व्हार्निश असतं. कुठला थर रंगाचा आणि कुठला घाणीचा हे चाचणीशिवाय कळत नाही. ओल्या फडक्यानं पातळ रंग निघून येतो. स्वयंसेवकांनी करायचं काम वेगळं: दर सहा महिन्यांनी त्याच जागेवरून, बाजूनं तिरपा प्रकाश टाकून फोटो. तिरप्या प्रकाशात फुगे, पोपडे, सुटलेली कडा स्पष्ट दिसते. दोन फोटो शेजारी ठेवले की फुगा वाढतोय का ते कळतं, आणि कॉन्झर्व्हेटरला (चित्रांचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला) बोलवायचं तेव्हा हाती पुरावा असतो.

बहुतेक चित्रं कॅनव्हासवर तैलरंगात स्टुडिओत काढलेली आणि नंतर शिशाच्या सफेद्यात व्हार्निश घोटून भिंतीला चिकटवलेली आहेत. तो थर पुढे दगडासारखा होतो. भिंत कोरडी राहिली तर चित्र शतकभर हलत नाही. पण काढायचं झालं तर तेवढंच अवघड. आधी रंगाच्या बाजूला जपानी टिश्यू कागद चिकटवून तोंड झाकायचं, मग लांब पात्यानं वरून खाली इंचाइंचानं सोडवायचं, कधी गिलाव्याचा थरच सोबत घ्यावा लागतो. धूळ शिशाची, त्यामुळे मास्क, पडदे, सगळा बंदोबस्त. गुंडाळताना निदान फूटभर व्यासाची नळी आणि रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो आणि उलगडताना पोपडे उडतात. चित्र सहज काढून नेता येईल असं कोणी सभेत म्हणालं तर ही सगळी पायरीवार कृती त्याच्यापुढे ठेवा.

पाटीपेन्सिल

इमारत विकली तर चित्र कोणाचं?

टपालखूण

यूएसपीएस, म्हणजे अमेरिकेची टपालसेवा, सहसा चित्राची मालकी स्वतःकडे ठेवते आणि नव्या मालकाशी कर्जाऊ ठेवण्याचा करार करते. म्हणजे दुरुस्तीलाही त्यांची परवानगी लागते. विक्रीच्या आधी राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी सल्लामसलत होते, तेव्हाच गावानं तोंड उघडायचं. दर्शनी भाग, लॉबी आणि चित्र जपण्याच्या अटी खरेदीखतात घालून घ्यायच्या. लॉबी लोकांना उघडी राहील का, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर भिंत वाचते आणि दार बंद होतं.

दोन मोठी उदाहरणं. ब्रॉन्क्सचं जनरल पोस्ट ऑफिस: बेन शान आणि बर्नार्डा ब्रायसन यांची १३ भित्तिचित्रं. न्यूयॉर्क शहरानं २०१३ मध्ये त्या लॉबीला अंतर्गत वारशाचा दर्जा दिला, पुढच्या वर्षी इमारत विकली गेली. सॅन फ्रान्सिस्कोचं रिंकन अ‍ॅनेक्स पोस्ट, गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुडची १९४० ची इमारत: अँटन रेफ्रेजिएची २७ चित्रं महायुद्धानंतर पूर्ण झाली आणि ती काढून टाकावीत म्हणून १९५३ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये सुनावणी झाली. चित्रं राहिली. इमारत आता वेगळ्या वापरात आहे, लॉबीत जाऊन ती बघता येतात.

रूझवेल्टनं स्वतः लक्ष घातलेली पोस्टं हडसन खोऱ्यात आहेत: पकीप्सी, राइनबेक, हाइड पार्क, वॅपिंजर्स फॉल्स, बीकन, एलेनविल. स्थानिक दगडात, डच वसाहतींच्या धर्तीची. राइनबेकचं एका जळालेल्या जुन्या घराच्या नमुन्यावर, त्याच्याच अवशेषांतला दगड वापरून केलं आहे आणि आत ओलिन डाउजची चित्रं आहेत. त्या भागात कोणी असेल तर एका दिवसात सगळी होतात.

वाडाचिरेबंदी

आमच्या गावच्या पोस्टाची कोनशिला अपंगांसाठीच्या रॅम्पमागे गेली आहे. रॅम्प हलवायला सांगावं का?

दरजा

रॅम्प हवाच. प्रश्न तो कुठून न्यायचा एवढाच. केंद्राच्या इमारतींना १९६८ चा आर्किटेक्चरल बॅरियर्स अ‍ॅक्ट लागू आहे आणि उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. सात इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे ३५ इंच चढ, म्हणजे ३५ फूट रॅम्प. सलग चढ ३० इंचांपेक्षा जास्त चालत नसल्यानं मधे ५ फुटांचा सपाट टप्पाही लागतो. एवढी लांबी दर्शनी भागासमोर सरळ टाकली की कोनशिला, तळघराच्या खिडक्या आणि दिवे, सगळं झाकलं जातं. बाजूच्या भिंतीलगत नेऊन वर वळवता येतो का ते आधी बघायला हवं होतं. आता बांधलेलाच असेल तर भिंतीपासून सुटा आहे ना आणि मधल्या फटीत पाणी साचत नाही ना, हे तपासा. चिकटून काँक्रीट ओतलं असेल तर मीठ टाकलेलं बर्फाचं पाणी विटेत जातं आणि दोन-तीन फुटांपर्यंत लोणा चढतो.

टपालखूण

आणि कोनशिलेवरची नावं हवी असतील तर नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये रेकॉर्ड ग्रुप १२१ मागा, पब्लिक बिल्डिंग्ज सर्व्हिसचा. पोस्ट खात्याचा २८ वेगळा, त्यात इमारतीचं फारसं मिळत नाही. १२१ मध्ये इमारतीची पत्रं, बांधकाम चालू असतानाचे फोटो आणि 'सेक्शन'ची चित्रकाराशी झालेली पत्रं असतात. मागणी करताना गावाचं नाव, राज्य आणि 'पोस्ट ऑफिस' एवढंच लिहू नका. अंदाजे साल आणि चित्रकाराचं नाव जोडा, कारण एकाच गावात दोन पोस्टं झालेली असतात. चित्राचा मूळ रंगीत आराखडा हवा असेल तर स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रहात चित्रकाराच्या नावानं शोधा. भिंतीवरचा रंग मूळचा किती आणि नंतर चढवलेला किती, हे त्या आराखड्याशी ताडून पाहता येतं.